डब्याची खोळ

थोरलीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती परकरातली पोर होती. मामाच्या घरी आली होती. मामीबरोबर पाणवठ्यावर घागर घेऊन उभी होती, आणि पल्याडच्या काठावर, जिथे सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं, तिथे कुणीतरी गात होतं. माणूस दिसत नव्हता. ओलं कापड दगडावर बसल्याचा आवाज यायचा, मग छातीतून सुटलेला 'हुश्शा', आणि त्या हुश्शाच्या पाठीवर बसून ओळ अलगद नदी ओलांडायची:

वारा आला गं वारा, आला डोंगर उतरून,
घे गं पदर भरून, दोरीवरलं ऊन.

सगळं एका दमात. मधे कुठे टाका नाही, शिवण नाही.

"मामी, कोण गं ते?"

"पल्याडचा धुणारा. भर लवकर, तो काय दुपारपर्यंत थांबणार नाही."

पुढे त्या पल्याडच्या धुणाऱ्याच्याच घरात ती थोरली सून म्हणून आली. नवऱ्याचा चेहरा धड पाहायच्या आधी तिने सासऱ्यांचा आवाज ओळखला होता. नवरा अजूनही चिडवायचा, "तू माझ्याशी नाही, आमच्या बाबांच्या गळ्याशी लग्न केलंस."

त्या ओळीला या उन्हाळ्यात भेग पडली.

डोंगरामागचं रान पेटलं होतं. ज्वाळा गावातून दिसत नव्हत्या. दिसायचा तो फक्त धूर. पहिल्या दिवशी तो लांबच्या कड्यावर पिंजलेल्या कापसासारखा बसला होता, पोरं त्यात हत्ती-घोडे शोधत होती. मग खिंडीतून खाली उतरला आणि उतरलाच. सूर्य न घासलेल्या ताटासारखा दिसू लागला. सकाळी दोरीवर टाकलेल्या चादरीवर दुपारी बोट फिरवलं तर बोट राखाडी.

नदीकाठचं हे शेवटचं घर. अंगणात एका कडेला भट्टी, म्हणजे विटांच्या चुलाणावर बसवलेलं मोठं तांब्याचं भांडं, ज्यात कपडे सोड्याच्या पाण्यात उकळायचे. समोर दोऱ्यांच्या रांगा. आत इस्त्रीची खोली, सगळ्या घरात तीच एक धड दारं-खिडक्यांची. भट्टी आणि दगड सासऱ्यांकडे, मामंजींकडे. पिळणं, वाळत घालणं थोरलीकडे. इस्त्री वन्संकडे; सासर सोडून आलेल्या या नणंदेची जीभ इस्त्रीपेक्षा गरम. आणि हातगाडीवरून गाठोडी नेणं-आणणं नवऱ्याकडे. गावच्या दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं या अंगणातून पांढरं होऊन जायचं.

धुराच्या पहिल्या आठवड्यातच एक बाई जीपमधून आली. खांद्याला पिशवी, हातात पांढरा डबा, पावाच्या लादीएवढा. तिचं काम हवा मोजायचं, म्हणून गावाने तासाभरात तिचं नाव हवावाली ठेवून टाकलं. खिंडीतून येणारा वारा आधी या अंगणात शिरतो, मग गावात, म्हणून तिला डबा इथेच हवा होता. ओसरीच्या खांबाला तिने तो अडकवला.

"याच्यावर एक दिवा आहे. हिरवा म्हणजे हवा चांगली. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे घरात बसा. आणि त्याच्यापुढे..." तिने हात झटकला. "तिथपर्यंत जाऊ नये म्हणूनच तर हा लावायचा. इथला आकडा आपोआप आमच्या कचेरीत जातो. अशा सगळ्या डब्यांचे आकडे आणि वाऱ्याचा अंदाज जुळवून आम्ही उद्याचा धूर सांगतो. त्यावर शाळा मुलांना बाहेर सोडायचं की नाही ते ठरवते. दवाखाना तयारीत राहतो."

"उद्याचा?" थोरलीच्या हातातला चिमटा हातातच राहिला. "आजचा दिसतो म्हणून कळतो. उद्याचा अजून आलाच नाही, तो कसा कळेल?"

हवावालीने दोरीवरची ओली चादर ओढली आणि इस्त्रीच्या मेजावर पसरून खाली दोन्ही मुठी घातल्या. चादरीला दोन डोंगर आले, मधे घळ.

"हे तुमचं गाव," ती घळीकडे मान करून म्हणाली. "रात्री थंड हवा जड होते, उतरते, इथे साचते. भांड्याच्या तळाशी खळ बसते ना, तशी. वर गरम हवेचं झाकण. वारा पडला की झाकण हलत नाही. धूर आत. वारा सुटला की झाकण उडालं. मी फक्त वारा कधी पडणार ते विचारत बसते."

"कुणाला?"

"यंत्रांना. कधीकधी देवाला."

थोरली त्या चादरीच्या घळीकडे किती वेळ बघत राहिली. रोज हातातून जाणाऱ्या कापडात आपलं गाव असं निजलेलं असेल, हे तिला कधी दिसलं नव्हतं. वन्सं मात्र खेकसल्या, "झालं का गाव बघून? ती चादर पुन्हा पिळायला लागेल."

निघताना मामंजींनी हवावालीला एकच विचारलं. "हा डबा आमचा की तुमचा?"

"आमचा. तुमच्याकडे सांभाळायला."

"मग निर्धास्त जा. परक्याची वस्तू या घरात मळत नाही."

हा मामंजींचा कायदा होता. स्वतःचा सदरा दोन दिवस घालतील, पण दुसऱ्याच्या कपड्यावर माशी बसली तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. धुळीच्या दिवसांत धुतलेल्या गाठोड्यांवर ते ओलं फडकं टाकून ठेवायचे; राख, धूळ काय बसायची ती फडक्यावर बसू दे. तेव्हा दुसऱ्या सकाळी पांढऱ्या डब्यावर राखेचा थर दिसला, आणि वर लाल दिवा, तसे ते बोटं दारात सापडल्यासारखे अस्वस्थ झाले.

"थोरले, याला खोळ शिव. दुहेरी."

तिने फाटक्या चादरीची दुहेरी खोळ शिवली. खाली नाडी, ओढली की घट्ट. दिवा दिसावा म्हणून समोर छान काज केलं, सदऱ्याच्या गुंडीला करतात तसं. एक अंगावर, एक धुण्यात, अशा दोन खोळी. मामंजींनी पहिली खोळ नदीच्या पाण्यात बुडवून पिळली, डब्याला चढवली आणि नाडीची गाठ मारली. पुढे दिवसातून जमेल तेव्हा ते तिच्यावर पाणी शिंपडत राहिले.

"बाबा, आता काजळ तेवढं घाला," वन्सं म्हणाल्या. "नाहीतर दृष्ट लागेल."

काजातून दिवा थोडा वेळ लाल दिसला, मग पिवळा, मग हिरवा.

"बघ," मामंजी म्हणाले. "स्वच्छ ठेवलं की कसा खूश होतो."

तो हिरवाच राहिला. नदीवर जाणारी-येणारी माणसं अंगणाकडे मान वळवून डोळा मारल्यासारखा चमकणारा दिवा बघायची आणि हायसं वाटून पुढे जायची. शाळेने मैदान उघडं ठेवलं. वीटभट्टीवरच्या बायका उन्हाच्या कामाला गेल्या. गावात बोलणं सुरू झालं की धूर वरच्या गावात आहे, खालच्या गावात आहे, आपल्याला मात्र भितो. डोळे चुरचुरत होते ते सगळ्यांचेच, पण हिरवा दिवा समोर असताना डोळ्यांचं कोण ऐकतं?

आणि मामंजी गायचे थांबले.

एकदम नाही. आधी ओळ 'डोंगर'पाशी मोडली. मग 'आला'पाशी. मग नुसता हुश्शा राहिला, तोही पोकळ, फुटक्या बादलीतून पाणी जावं तसा. थोरली पाण्यात गुडघाभर उभी राहून पिळता पिळता कान देई. विचारायची हिंमत होत नव्हती. सासऱ्याला 'गात का नाही' असं कोणती सून विचारते?

एकदा गाठोडं घेऊन चढण चढताना ते अर्ध्यावर थांबले. मान वर. एक हात कमरेवर.

"काय बघताय, मामंजी?"

"घार."

थोरलीने वर पाहिलं. घार नव्हती. आभाळच नव्हतं.

तिने गाठोड्याला हात लावला तर त्यांनी ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुझं तू बघ."

त्याच दिवशी थोरली नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली आणि तिथे अपमान झाला. कपड्यांच्या खोलीतली सिस्टर नेहमी मोजून घ्यायची, सही करायची, संपलं. त्या दिवशी तिने वरची चादर उचलली आणि नाकाला लावली. बाकांवर खोकणाऱ्या माणसांची रांग होती. सगळे बघायला लागले.

"धुराचा वास येतोय."

"सिस्टर, हवेतच..." नवरा म्हणाला.

"हवेत?" तिने खिडकीबाहेर बोट केलं. "तुमच्याच दारात डबा आहे ना? हिरवा आहे. आम्हाला रोज निरोप येतो, गावची हवा चांगली. मग वास कुठून आला? धुण्यातच काहीतरी चुकतंय. दम्याचे पेशंट आहेत माझ्याकडे. परत न्या सगळं."

नवऱ्याने गाठोडं उचललं. हातगाडीचं चाक उंबऱ्यावर अडकलं तेव्हा कुणीतरी हसलं. थोरलीने पदर चेहऱ्यावर ओढला. चादर तिने स्वतः पिळली होती. तिच्या मनगटांना ती अजून आठवत होती.

मामंजींनी ऐकून घेतलं. भट्टीत लाकडं भरली, फुंकणी घेतली आणि जाळ केला. सगळी गाठोडी पुन्हा उकळली. पुन्हा आपटली. वाकून फुंकताना त्यांचा एक हात जमिनीवर टेकलेला होता, आणि फुंकर मारून झाली तरी ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, जणू जाळात काही हरवलंय.

"बाबा, मी फुंकते," वन्सं म्हणाल्या. एरवी तोंडाळ, पण आवाज खाली आलेला.

"माझी भट्टी आहे. तू इस्त्रीकडे बघ, कॉलर जाळशील."

दुसऱ्या सकाळी हवावालीचा फोन आला. वरच्या रस्त्यावर झाडं पडली होती, तिला येता येत नव्हतं.

"थोरल्या बाई, एक कोडं आहे. वरचं गाव लाल, खालचं गाव लाल, आणि मधे तुम्ही हिरवे. धूर काय उडी मारून जातो तुमच्यावरून?"

"लोक तसंच म्हणतात, ताई."

"डब्यावर काही बसलंय का? घरटं, कोळिष्टक?"

"छे हो! तळहातावर जपतोय आम्ही त्याला."

"मग मला कळत नाही. आज दुपारपासून वारा पडणार आहे. तुमच्याकडे सगळ्यात वाईट व्हायला हवं. पण तुमचा डबा माझं ऐकतच नाही. आमच्या दोघांत कुणीतरी खोटं बोलतंय." ती थकल्यासारखी हसली. "रस्ता मोकळा झाला की येते."

फोन ठेवून थोरली धुण्याकडे वळली. वर डब्याची काल उतरवलेली खोळ होती. ती पाण्यात घालणार इतक्यात तिचा हात थांबला. बाहेरचं कापड तपकिरी झालं होतं, चहा गाळायच्या फडक्यासारखं. तिने नाकाशी नेलं. हा वास त्यांच्या भट्टीचा नव्हता. भट्टीचा धूर कोरडा, ओळखीचा. यात ओली साल होती, डिंक होता, एक अख्खं रान होतं.

ती पायरीवर बसली आणि खोळ उलटी केली. आतलं कापड पांढरं. नुकतं इस्त्री केल्यासारखं पांढरं.

थोरली त्या दोन कापडांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाहेर रान, आत पांढरं. आणि त्या पांढऱ्याच्या आत डबा.

मग ती उठली, खांबापाशी गेली आणि अंगावरच्या खोळीची नाडी सोडली. डबा उघडा झाला. दिवा हिरवा. ती चादरी वाळत घालायला वळली, एक डोळा मागे ठेवून. थोड्या वेळाने पिवळा. मग लाल. मग दिव्याने असा रंग घेतला जो तिला माहीतही नव्हता, पिकल्या जांभळासारखा.

"वहिनी!" वन्सं दारातून ओरडल्या. "काय केलंस? बिघडवलास!"

"थांबा जरा."

तिने खोळ चढवली, नाडी ओढली. दोघी खांबापाशी उभ्या राहिल्या, चुलीवरचं दूध बघावं तशा. बराच वेळ गेला. लाल. पिवळा. हिरवा.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या.

थोरलीने पुन्हा खोळ काढली. जांभळा. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी आलं ते नवल. एवढंसं कापड, तिच्याच हातचं, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांवर बांधलेलं.

फोनवर तिने सगळं सांगितलं, काजसुद्धा. पलीकडे हवावाली एवढी हसली की तिला ठसका लागला. मग एकदम शांत झाली.

"आता ऐका. शाळेला सांगा, मुलं आत. बाहेरची कामं बंद. तुमची भट्टी आत्ताच्या आत्ता विझवा. एक धड खोली निवडा, तिच्या फटी बुजवा. हवा गाळायचा पंखा घेऊन मी नदीकडच्या वाटेने येते. ओलं फडकं तोंडाला बांधून बाहेर फिरू नका, ते राख अडवतं, बारीक धूर नाही. आणि घरात कुणाला दम लागतोय का?"

थोरलीने नदीकडे पाहिलं. "कुणी बोललं नाही."

"न बोलणारेच जास्त असतात," हवावाली म्हणाली.

नवरा दवाखान्याकडे धावला. थोरली गल्लीत शिरली, पदर खोचून, ओरडत: "आत घ्या! पोरं आत घ्या गं! खिडक्या लावा!"

"काय गं थोरले, पोरं म्हणजे काय दोरीवरच्या चादरी?" शाळेजवळची म्हातारी हसली.

"चादरी पुन्हा धुता येतात, आजी! तुम्ही पण चला!"

हिरवा दिवा रोज बघणाऱ्यांना खरं वाटेना. ते अंगणापर्यंत आले, जांभळा दिवा बघितला आणि मागच्या मागे फिरले. तासाभरात इस्त्रीच्या खोलीत पाच-सहा लेकुरवाळ्या, ती म्हातारी आणि वीटभट्टीवरची एक पोटुशी बाई जमली. वन्संनी निखारे बाहेर नेऊन विझवले आणि दाराखालच्या फटींत दवाखान्याचे अभ्रे कोंबायला घेतले.

"वन्सं, ते दवाखान्याचे!"

"तसेही परतच येणार आहेत ना? वास येतो त्यांना!" वन्संनी अभ्रा फटीत असा दाबला की जणू सिस्टरचं नाकच.

मामंजी नदीवर होते. थोरली खाली गेली तेव्हा ते दगडावर बसले होते, समोर न आपटलेलं कापड पाण्यात लोंबत. तिने वर बोलावलं तर उठले, भट्टीपाशी आले आणि बघितलं: जाळावर पाणी ओतलेलं, ओली राख फसफसतेय.

"कुणी विझवली?"

"मी," थोरली म्हणाली. या घरात आल्यापासून तिने त्यांच्या भट्टीला कधी हात लावला नव्हता. "मामंजी, आधी आत चला. मग बोला मला काय ते."

ते आत आले. एवढ्या बायाबापड्यांत अवघडून दाराशी उभे राहिले. थोड्याच वेळात हवावाली आली, गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत पंखा. तो लावला तसा खोलीत मधमाश्यांसारखा गुणगुण आवाज भरला. मग ती ओसरीवरून डबा काढून घेऊन आली आणि तो मेजावर उलटा केला. खाली बोटभर जाळी होती.

"हे मी तुम्हाला दाखवायला हवं होतं, बाबा. चूक माझी. इतकी वर्षं डबे लावते, कुठे पोरं दगड मारतात, कुठे बकरी चाटते. पण डब्याला कुणी एवढं जपेल हे सुचलंच नाही. ही जाळी आहे ना, इथून तो हवा आत ओढतो. नाडी नेमकी हिच्यावर बसली होती. आतल्या आत तीच तीच हवा मोजत बसला बिचारा."

मामंजी वाकले. जाळीवर अंगठा ठेवला, काढला.

"म्हणजे हाही श्वास घेतो?"

"घेतो."

"आणि मी त्याचं तोंड बांधलं."

"तुम्ही त्याला स्वच्छ ठेवलंत."

"परक्याची वस्तू," ते पुटपुटले. मग डब्याच्या दिव्याकडे बघत राहिले. बंद खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात तो जांभळ्याचा लाल होत होता. बाहेरचा काचेपलीकडचा दिवस मात्र होता तसाच पिवळट होता.

"मग बाहेर हे असं... कधीपासून?"

"डोंगर पेटल्यापासून, बाबा."

"रोज?"

"रोज. मधे एखादा दिवस कमी."

"आणि ते सगळ्यांनाच लागतं?"

"सगळ्यांना. म्हाताऱ्यांना, लेकरांना, पोटुशींना जास्त. त्यात भट्टीपाशी बसणाऱ्याला त्याहून जास्त." हवावाली त्यांच्याकडे नीट बघायला लागली होती. त्यांच्या गळ्याशी खड्डा पडत होता, भरत होता, पडत होता.

पंखा गुणगुणत होता. कुणाचं तरी लेकरू खोकलं आणि आईच्या कुशीत शिरलं. मामंजी मेजाची कड धरून हळूहळू खाली बसले, वन्संनी घडी घातलेल्या चादरींच्या चळतीवर, ज्यावर त्यांनी आयुष्यात कुणाला बसू दिलं नव्हतं. थोरली त्यांच्यासमोर बसली. तिने नुसता तांब्या पुढे केला.

ते प्यायले नाहीत. तांब्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"रोज तो दिवा बघायचो," ते म्हणाले. "हिरवा. मला वाटायचं, हवा धड आहे, आणि मीच विरलोय. जुन्या कापडासारखा. विरलेल्या कापडाला काय ठिगळ लावणार? म्हणून बोललो नाही."

वन्संनी तोंडाला पदर लावला.

"थोरले," ते म्हणाले, आणि त्या एका हाकेला त्यांना दोनदा थांबावं लागलं, "मला श्वास पुरत नाही गं. कितीतरी दिवस झाले. माझी ओळ पुरी होत नाही."